कऱ्हाडचं कर्हाड

गेल्या महिन्यात सांगलीला भाचीकडे चार दिवस राहून आलो. तिचा लेक घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मला वाटायचं, हा दिवसभर बटणं दाबतो आणि त्याचे पैसे घेतो! शेजारी बसल्यावर कळलं, त्यांच्यातही आपल्यासारखेच तट आहेत. एक म्हणतो, आधी लिहून ठेवलेल्या पायऱ्या तपासा, जमलं तर तेही मशीनवर सोपवा. दुसरा म्हणतो, स्वतः वापरून बघा, शंका घ्या, पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातून काढा. या दुसऱ्या पद्धतीला 'एक्सप्लोरेटरी टेस्टिंग' हे नाव केम केनर यांनी १९८०च्या दशकात दिलं.

मी दुसऱ्या तटात. कारण पहिला मी शाळेत आयुष्यभर पाहिला, खरं तर चालवला. तपासणीच्या आधी मुलं मीच पढवायचो. एका वर्षी साहेबांनी विचारलं, "कृष्णा कुठं उगम पावते?" "महाबळेश्वर!" अख्खा वर्ग ओरडला. "मग आधी वाई लागते की सांगली?" शांतता. शेरा तरीही 'समाधानकारक'. मला अजून लाज वाटते.

तर नातवानं एक मराठी फॉर्म मला भरायला दिला. गावाच्या रकान्यात मी 'कऱ्हाड' लिहिलं. छापून आलं 'कर्हाड'! त्याच्या चाचण्या मात्र सगळ्या हिरव्यागार. शोधल्यावर सापडलं, 'ऱ' म्हणजे युनिकोडच्या लेखी र अधिक नुक्ता, आणि कुणीतरी नुक्ते फालतू समजून पुसून टाकले होते. "आजोबा, 'कराड' लिहा की!" तो हसत म्हणाला. अरे, दऱ्यांचा दर्या होईल, आणि आचाऱ्यांना द्यायची बिदागी आचार्यांना जाईल, त्याचं काय?

याच्याकडे आयएसटीक्यूबीचं प्रमाणपत्रही आहे. पहिल्या पातळीला चाळीस प्रश्न, एक तास, पर्यायांतून निवडायचं, सव्वीस बरोबर आले की पास. यात शंका घेण्याचे मार्क कुठं आहेत? पाढे म्हणून घ्यायला मशीन जरूर ठेवा, ते माझ्यासारखं कंटाळत नाही. पण 'सगळं हिरवं आहे' याचा अर्थ 'जे विचारलं तेवढं बरोबर आलं' एवढाच. न विचारलेल्याची जबाबदारी कुणाची? माणसं कमी करून मशीनचे आकडे मिरवणाऱ्या साहेबांनी याचं उत्तर द्यावं.

नातवानं ती चूक रीतसर नोंदवली. दुसऱ्या दिवशी वरून शेरा आला, 'लो प्रायॉरिटी'. कऱ्हाडच्या व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही.