खरखर कशाची?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून दमलेली माणसे गाढ झोपेत असतानाच किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. नंतर कित्येक रात्री आमच्या गल्लीतही लोक अंगणात अंथरुणे टाकत. शेजारचे काका उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे आणि तो खरखरला की सगळ्यांना उठवायचे. ‘भूकंपाआधी जमिनीतून वीज निघते, रेडिओला आधी कळते,’ असे ते सांगत.

काकांना हसू नका. त्यांच्या म्हणण्यात निम्मे तथ्य होते.

जमीन हादरली की विद्युतचुंबकीय संकेत उमटतात, हे खरे आहे. सायकलचा डायनॅमो आठवा. चुंबक फिरते आणि तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. पृथ्वी हे तर भले मोठे चुंबकच! जमिनीत पुरलेल्या मापकयंत्राचे वेटोळे भूकंपाच्या लहरीने हलले, की त्यातही क्षीण वीज उमटते. शिवाय लहर खडकाला दाबते, त्याच्या छिद्रांतले पाणी सरकते आणि त्याबरोबर विद्युतभारही सरकतो. गारगोटीसारख्या दगडात नुसत्या दाबानेही विद्युतभार निर्माण होतो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची ठिणगी पडते ती याच तत्त्वावर.

पण हे संकेत हादऱ्याची लहर यंत्रापाशी पोचते तेव्हा, तिच्याबरोबर येतात. आधी नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लोमा प्रिएटा येथे ६.९ क्षमतेचा भूकंप झाला, ६३ माणसे दगावली. केंद्रापासून अवघ्या सात किलोमीटरवर, कोरालिटोस येथे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अँटनी फ्रेझर-स्मिथ यांचे चुंबकीय यंत्र होते. त्याने काही दिवस आधीपासून वाढते संकेत नोंदवले होते आणि शेवटच्या तीन तासांत तर ते फारच वाढले. जगभर आशा पालवली. मलाही तेव्हा वाटले होते, आता भूकंपाची पूर्वसूचना हाती आली!

वीस वर्षांनी, २००९ मध्ये, संशोधकांनी त्या नोंदी इतर वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. बिघाड यंत्रणेतच असावा, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्याआधी २८ सप्टेंबर २००४ रोजी त्याच राज्यात पार्कफिल्डला ६.० क्षमतेचा भूकंप झाला. भूकंप येणार म्हणून तिथे यंत्रे वर्षानुवर्षे टपून बसली होती. भूकंप झाला तेव्हा चुंबकीय बदल नोंदला गेला. आधीचा इशारा मात्र मिळाला नाही.

हे सारे मी काकांना एकदा सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग रात्रीची खरखर कशाची?’ मागच्या मळ्यात रात्री वीज आली की पंपाची मोटर सुरू होई, तिची.