शाल, श्रीफळ आणि शहराचें ऋण

नगरपालिकेचा एखादा अधिकारी सेवानिवृत्त झाला, कीं शाल, श्रीफळ, पुष्पहार आणि चार भाषणें हा आपल्याकडील ठरलेला क्रम आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु शहराचा संसार सांभाळणाऱ्या मनुष्याचा सन्मान नेमका कशासाठीं करावयाचा, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. आणि त्यासाठीं नांदेड व लातूर हीं मराठवाड्यांतील दोन शहरें पाहणें उपयोगाचें होईल.

शहराचा कारभार पगारी व्यवस्थापकाकडे सोपविण्याची पद्धत अमेरिकेंत व्हर्जिनिया संस्थानांतील स्टाँटन गांवीं १९०८ सालीं सुरू झाली. निवडून आलेल्या मंडळाचा विश्वास असेपर्यंत असा व्यवस्थापक एकाच शहरीं वर्षानुवर्षें राहूं शकतो. आपल्याकडे महानगरपालिकेचा आयुक्त राज्य शासन नेमतें, आणि २००५ सालच्या बदल्यांच्या कायद्यानें एका जागीं राहण्याचा सामान्य काळ तीन वर्षांचा ठरविला आहे. हितसंबंधांचीं मुळें रुजूं नयेत, हा हेतु रास्तच आहे. परंतु त्यामुळें होतें असें, कीं गल्लीबोळांची ओळख पटते न पटते तोंच निरोपाचा हार गळ्यांत पडतो. नांदेडची महानगरपालिका १९९७ सालीं झाली व लातूरची २०११ सालीं. तेथेंही प्रमुखाची खुर्ची अनेकांनीं भूषविली.

मग शहरांत दीर्घकाळ राहतो कोण? पाणीपुरवठ्याचा अभियंता, स्वच्छतेचा निरीक्षक, करवसुलीचा कारकून, आणि पहाटे नळाला पाणी सोडणारा कामगार. २०१६ सालीं मांजरा धरण आटलें, तेव्हां मिरजेहून लातूरला रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें. त्या गाडीचें कौतुक देशभर झालें. पण स्थानकावर उतरलेलें पाणी वस्तीवस्तीपर्यंत पोंचविणाऱ्यांचीं नांवें किती जणांस ठाऊक आहेत? २००८ सालीं नांदेड येथें गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. लक्षावधि यात्रेकरू येऊन गेले. त्यांच्यामागें रस्ते झाडणारे हात कोणाचे होते, हें कोणी विचारलें नाहीं. नळाला पाणी न आल्यास आपण नगरपालिकेस दोष देतों. वेळेवर आल्यास कोणाचेंच स्मरण करीत नाहीं.

प्रत्येक दीर्घ सेवा वंद्य असते, असें आम्ही म्हणत नाहीं. खुर्ची उबविणें आणि सेवा करणें यांतील अंतर गांवाला चांगलें कळतें. परंतु जुनी जलवाहिनी कोणत्या वाड्याखालून गेली आहे, पहिल्या पावसांत कोणता नाला तुंबतो, हें तीस वर्षांच्या अनुभवानें ज्याच्या अंगीं मुरलें आहे, तो निवृत्त होतो त्या दिवशीं शहराच्या स्मृतीचें एक पानच गळून पडतें. कागदावर न उतरलेलें तें ज्ञान पुढच्या मनुष्यास पुन्हा चुका करून मिळवावें लागतें, आणि त्या चुकांचा खर्च आपणच कररूपानें भरतों.

म्हणून आमची सूचना साधी आहे. निवृत्तीपूर्वीं सहा महिने अशा सेवकाजवळ एखादा तरुण कर्मचारी बसवावा आणि त्यास जें ठाऊक आहे तें नकाशांसह लिहून घ्यावें. त्याच्या हक्काचे पैसे त्यास निरोपाच्या दिवशींच मिळावे. सत्कार आयुक्ताचा होवो वा कामगाराचा, भाषणांत स्तुतीच्या विशेषणांऐवजीं त्यानें केलेल्या एका तरी कामाचा नीट उल्लेख व्हावा.

घरांतील कोणी निवृत्त झालें, कीं ‘पेन्शन किती बसली?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. ‘आपल्या हातून गांवाचें कोणतें काम झालें?’ हेंही आपण विचारीत जाऊं. त्या प्रश्नाचें उत्तर ज्यास सांगतां येईल, त्याच्या खांद्यावरची शाल खरी शोभून दिसेल.