तमाशा करूं नका!

“तमाशा करूं नका!” हें वाक्य ज्यानें कधींच ऐकलें नाहीं असा विद्यार्थी नांदेड-लातूरकडे सांपडणें कठीण. वर्गांत दोघांची पेन्सिलीवरून बाचाबाची झाली, किंवा घरीं धाकट्यानें जेवणाच्या ताटावर रुसवा धरला, कीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून हा शब्द निघालाच म्हणून समजावें. शब्द फारसी-उर्दूच्या वाटेनें आपल्याकडे आला, आणि मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असल्यामुळें अशा शब्दांचा आमच्या घरांत राबता फार. पाहण्याजोगी मौज, एवढाच त्याचा साधा अर्थ. तो बेशिस्त व लाज या अर्थीं कां वापरला जावा, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. कारण आमच्या मतें, ज्यांच्या नांवानें आपण एकमेकांस दटावतों, त्या तमासगिरांइतकी शिस्त आपणांपैकीं फारच थोड्यांच्या अंगीं असेल.

नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें मार्गशीर्षांत खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट व गाढवें यांच्या बाजारासाठीं ती जशी प्रसिद्ध, तशीच तमाशाच्या तंबूंसाठींही. तंबूच्या पुढल्या बाजूस काय चालतें हें सर्वांस ठाऊक असतें. मागल्या बाजूस काय चालतें याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. मोठ्या फडांत शंभराहून अधिक माणसें असतात: गाणारे, नाचणारे, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी, तंबू ठोकणारे आणि गाडी हांकणारे. पहांटे वग संपला कीं तंबू उतरतो, सामान गाडींत भरलें जातें, आणि त्याच सामानावर जागा सांपडेल तेथें मंडळी अंग टाकतात. दुपारीं नवें गांव, संध्याकाळीं पुन्हां खुंटे ठोकणें, तोंडास रंग लावणें, आणि रात्रीं अनोळखी लोकांस पोट धरून हंसविणें. हा क्रम दसऱ्यापासून सुमारें बुद्धपौर्णिमेपर्यंत, म्हणजे सात महिने, चालतो. आपल्या स्नेहसंमेलनाच्या एका रात्रीच्या नाटकानंतर दुसऱ्या दिवशीं अर्धा वर्ग गैरहजर असतो, हें येथें आठवून पाहावें.

आतां त्यांच्या कलेकडे वळूं. आज फडांत विजेचे दिवे व ध्वनिक्षेपक आले आहेत. पण जुन्या काळीं ढोलकी, हलगी, तुणतुणें व झांज एवढ्याच साहित्यावर, उघड्या गळ्यानें, सारें गांव जागें ठेविलें जाई. प्रथम गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटीं वग, अशी त्याची बांधणी. गौळणींतील मावशी म्हणजे लुगडें नेसलेला पुरुष. तिनें नुसती मान मुरडली तरी हंशा पिकावा. सोंगाड्याचें काम त्याहून अवघड. त्यास पाठ केलेल्या भाषणाचा आधार थोडा. समोर बसलेल्या पाटलाच्या मिशीवरून, गांवांतल्या बंद पडलेल्या नळावरून तेथल्या तेथें विनोद उभा करावा लागतो. निबंधाचा विषय आधीं कळूनही ज्यांस दहा ओळी सुचत नाहींत, त्यांनीं या हजरजबाबीपणास हंसण्यापूर्वीं जरा थांबावें.

सांगली जिल्ह्यांतील कवलापूरच्या लहू व अंकुश खाडे या जुळ्या भावांनीं ‘जहरी प्याला’ या वगांत काळू आणि बाळू असे दोन हवालदार उभे केले, आणि पुढें त्याच नांवांनीं ते महाराष्ट्रभर ओळखले गेले. आज ते दोघेही हयात नाहींत. एकाच चेहऱ्याच्या दोन माणसांनीं सरकारी ऐटीची जी थट्टा केली, तिनें कोणाचें घर मोडलें नाहीं. उलट दिवसभर राबलेल्या माणसाचा शीण उतरला. त्यांचें गांव मिरज तालुक्यांतलें. लातूरकरांस मिरजेचें नांव दुसऱ्या एका कारणानेंही विसरतां येणार नाहीं: एप्रिल २०१६ मध्यें लातूर तहानलें असतां मिरजेहून रेल्वेनें पाणी आलें. पहिल्याच गाडीनें पांच लाख लिटर पाणी आणलें. त्या पाण्याचे उपकार आपण मानतों. कोरड्या वर्षीं हंसूं घेऊन येणाऱ्याचेही मानावे, असें आम्हांस वाटतें.

येथें पालक म्हणतील कीं, तमाशांत अचकट-विचकट बोलणें असतें, तें मुलांच्या कानीं पडूं नये. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें शिट्ट्या वाजतात तेंच वाढतें, हा बाजाराचा नियम आहे, आणि शिट्टी वाजविणारा रंगमंचावर नसतो, समोर बसलेला असतो. दोष वांटून घ्यावयाचा तर प्रेक्षकानेंही आपला वांटा उचलावा. आणि कोणीं काय पाहावें याबद्दल मतभेद असला, तरी त्यामुळें तमासगिराच्या मुलास हिणविण्याचा हक्क कोणासही मिळत नाहीं.

खरी गोष्ट या मुलांचीच आहे. आपली शाळा जूनमध्यें सुरू होते. चार महिने होतात न होतात तोंच फड गांव सोडतो. मूल आई-बापांबरोबर गेलें तर शाळा सुटते, आजीजवळ राहिलें तर आई-बाप सुटतात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. पण रोज नव्या गांवीं जाणाऱ्या गाडीमागें तो धांवणार कसा? २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें ऐन यात्रांच्या दिवसांत तंबू मिटले, तेव्हां तर हंगामापूर्वीं घेतलेली उचल फेडणेंही अनेक कुटुंबांस जड झालें. अशा वेळीं पहिली गदा मुलांच्या पुस्तकांवर येते.

कोणी म्हणतात, कलावंतास शाळा कशाला? अण्णाभाऊ साठे शाळेंत अवघे दीड दिवस गेले असें सांगतात, आणि तरीही त्यांनीं तमाशाच्या सांच्यांतून लोकनाट्य घडविलें. आम्ही उलट विचारतों: एक अण्णाभाऊ तरले म्हणून न तरलेल्या हजारोंचा हिशेब कोणीं ठेवावा? मराठवाड्यांत ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत. तशीच सोय फडांतल्या मुलांसाठीं, दसरा ते बुद्धपौर्णिमा या काळापुरती, जिल्ह्याच्या ठिकाणीं व्हावी, ही आमची मागणी आहे. तींत अशक्य असें कांहींच नाहीं.

तोंवर विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी कराव्या. असें एखादें मूल आपल्या बाकावर येऊन बसलें, तर त्यास आपली वही उतरून घ्यावयास द्यावी. त्याच्या मोबदल्यांत ढोलकीचा एखादा बोल शिकून घ्यावा. व्यवहार तोट्याचा होणार नाहीं. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. यापुढें गुरुजनांनीं “तमाशा करूं नका!” असें म्हटलें, तर नम्रपणें उभें राहून सांगावें: “गुरुजी, तेवढी शिस्त अजून आमच्या अंगीं आलेली नाहीं.”