दुर्मिळ, पण कुणासाठी?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाची भिंतच फाटणं, याला वैद्यकीय पुस्तकं 'दुर्मिळ' म्हणतात. खरं आहे. पण कुणासाठी दुर्मिळ, हे ती चटकन सांगत नाहीत.

होतं असं, की रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर जगणारा स्नायू मरतो आणि काही दिवसांत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ पडतो. मग पहिल्या आठवड्यात कधीतरी फाटतो. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला तर डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतं. झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला तर काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं. बाहेरची भिंत फाटली, तर बहुतेकदा काही करायला वेळच मिळत नाही.

आता आकडा बघा. १९९३ साली निकाल आलेल्या गस्टो चाचणीतल्या ४१,०२१ रुग्णांपैकी पडदा फाटल्याचं सिद्ध झालं ते ८४ जणांत. हजारी दोन! (त्यांतले सुमारे ७४ टक्के महिन्याभरात गेले, ते वेगळंच.) पण मंडळी, त्या चाचणीत दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत आलेल्यांनाच घेतलं होतं, आणि सगळ्यांना गुठळी विरघळवणारं औषध दिलं होतं. हे औषध येण्याआधी हेच प्रमाण शंभरात एक ते तीन होतं.

आणि आपल्या वऱ्हाडात? "काही नाही बाप्पा, ग्यास झाला असंन," यातच रात्र जाते. सोडा पिऊन होतो, ओवा चावून होतो. मग अकोट, दर्यापूर, नाहीतर पार धारणीहून गाडी शोधत अकोला-अमरावती गाठायची. तिथून नागपूरला न्या म्हटलं, तर अमरावतीहून आणखी दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. दुसऱ्या दिवशी पोचलेल्या अशा माणसाला हजारी दोनचा हिशेब लावणं मला तरी पटत नाही. २०१४ पासून १०८ची गाडी आहे, पण फोन करायचा तो ओवा चावण्याआधी.

दुसरं म्हणजे, तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, नातलग थर्मास घेऊन गोळा होतात आणि 'धोका टळला' म्हणून मोकळे होतात. नेमके हेच दिवस नाजूक. अचानक दम लागला, घाम फुटला, तर 'अशक्तपणा असेल' म्हणत बसू नका, सिस्टरला हाक मारा. छातीला नळी लावली की नवी खरखर कानावर येऊ शकते, आणि इको तर खाटेपाशीच करता येतो.