जिवंत माल विकताय, मग सावली आधी बघा!

फैजपूर-यावल भागात वासरं, करडांसाठी प्रोबायोटिक पावडर विकायचा विचार करताय? जरूर करा, पण माल ओळखा. प्रोबायोटिक म्हणजे पोटातले उपयोगी, जिवंत जिवाणू. प्रीबायोटिक म्हणजे त्यांचं खाद्य. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या दुकानात डबे तापले की जिवाणू मरू शकतात, आणि गिऱ्हाईक पैसे मोजून नुसती भुकटी घरी नेतं. म्हणून उन्हाळ्यात थोडाच माल भरा. लेबलवरची मुदत आणि साठवणुकीचं तापमान वाचा. गिऱ्हाइकाला खरं तेच सांगा: जन्मल्यावर तास-दोन तासांत पाजलेल्या चिकाची जागा कुठलीच पावडर घेत नाही, हगवण लागली तर आधी पशुवैद्य. एखादा डबा कमी खपेल, पण वासरू जगलं तर गिऱ्हाईक परत येईल.