ओहोटीतली फवारणी

शेतात तण माजले, तणनाशक मारले. त्यात सरकारचा परवाना कशाला, असे आपल्याकडच्या सोयाबीन उत्पादकाला वाटेल. इमेझामॉक्स त्याच्या ओळखीचे. इमेझेथापायरबरोबर त्याचे मिश्रण सोयाबीनवर फवारले जाते. पण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या विलापा खाडीत तिसऱ्यांची, म्हणजे एका जातीच्या शिंपल्यांची, शेते भरतीला रोज पाण्याखाली जातात आणि त्या पाण्याला बांध घालता येत नाही.

तिथले तण म्हणजे जपानी ईलग्रास हे सागरी गवत. कालवांच्या बियाण्याबरोबर ते जपानहून आले असावे. गंमत अशी की, ज्या मनिला तिसऱ्या वाचवायच्या त्याही तशाच आल्या. एक विकली जाते म्हणून पीक, दुसरे विकले जात नाही म्हणून तण! अर्थात उत्पादकांची तक्रार खोटी नाही. गवत दाटले की पाणी मंदावते, गाळ बसतो, काढणी जिकिरीची होते. मात्र हेच गवत ब्रँट हंसांचे खाद्यही आहे.

राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१४ मध्ये या गवतावर इमेझामॉक्स फवारण्याचा परवाना दिला तो हात राखून. ही एकच खाडी, फक्त तिसऱ्यांची शेते, फवारणी ओहोटीतच आणि शेजाऱ्याच्या हद्दीलगत दहा मीटरचा पट्टा मोकळा. सरसकट बंदीपेक्षा हे शहाणपणाचे, असे आमचे मत. पण मेख त्या दहा मीटरांतच आहे. पट्टा मोजला जातो आडवा, पाणी वाहते उताराने. ओहोटीचे ओहोळ शेतातून निघून खाली जातात आणि तिथेच देशी ईलग्रासची कुरणे असतात. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. पण तणनाशकाला देशी-परदेशी कळत नाही.

शंकेला इतिहासही आहे. चिखलातल्या कोळंबीवर या खाडीत १९६३ पासून कार्बारिल हे कीटकनाशक फवारले गेले. त्याच्या जागी २०१५ मध्ये इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाला परवानगी मिळाली, तेव्हा गिऱ्हाइकांनी आणि नामांकित आचाऱ्यांनी असा गदारोळ केला की, उत्पादकांनी आपणहून माघार घेतली. २०१८ मध्ये खात्यानेही नकार दिला. खात्याआधी बाजाराने निकाल द्यावा, हे कोणत्याही नियामकाला शोभणारे नाही.

म्हणून असा परवाना देताना उताराखालच्या देशी गवताची मोजणी सक्तीची हवी. ती फवारणाऱ्याने नव्हे, त्रयस्थाने करावी; खर्च मात्र फवारणाऱ्याचा. आकडे पुढच्या हंगामाआधी जाहीर व्हावेत आणि कुरण आटलेले दिसले तर त्या शेतावरची फवारणी तिथेच थांबावी.