तीन गोळ्यांचा गंडा



आपण स्वतःला विवेकवादी म्हणवतो. दर 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे स्मरण करतो, राज्यघटनेच्या कलम 51 अ मधले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य मुलांना समजावून सांगतो, कुणाच्या मनगटावर मंतरलेला दोरा दिसला की गालात हसतो. आणि सुट्टीहून परतताना आपल्यापैकी बहुतेकांच्या बॅगेत भाजणी आणि गोड्या मसाल्याशेजारी अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या दोन-चार पट्ट्या असतात. तीन गोळ्यांची पट्टी. "असू दे, अडीअडचणीला." हा आपला, सुशिक्षितांचा, गंडा आहे. आज मला त्याच्याविरुद्ध भांडायचे आहे, आणि सुरुवात स्वतःपासूनच करते.

2019 ची जानेवारी. मुलगा चार वर्षांचा. तीन दिवस ताप आणि खोकला, म्हणून अल मुंतझातल्या आमच्या घराजवळ एका सुदानी डॉक्टरबाईंना दाखवले. त्यांनी त्याचा सदरा वर केला, घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजले. मग छाती, कान, घसा तपासला. म्हणाल्या, व्हायरस आहे. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, रात्री चमचाभर मध. खोकला दोन-तीन आठवडेही राहू शकतो. श्वास मिनिटाला चाळीसच्या वर गेले, छाती आत ओढली जाऊ लागली, पाणी पिईना किंवा गुंगीत राहिला, तर लगेच आणा.

मी संतापून बाहेर पडले. "काही दिलंच नाही!" घरी येऊन पुण्याच्या डॉक्टरकाकांना फोन लावला, बॅगेतले सिरप काढले आणि पाजले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. "बघ, लागू पडलं ना!" असे मीच नवऱ्याला सुनावले. पुढचा आठवडाभर मुलाला जुलाब होत होते, त्याचा संबंध मात्र मी बाहेरच्या खाण्याशी लावला.

मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली आहे. प्रयोगशाळेत कंट्रोल नसलेला प्रयोग घेऊन कुणी आले तर मी त्याला परत पाठवते. घरी मात्र कावळा बसला, फांदी मोडली, आणि मी कावळ्याला श्रेय दिले. चौथ्या दिवशी तो ताप तसाही उतरणारच होता.

खरी लाज वाटली ती पुढे. ते एक मिनिट श्वास मोजणे हे काही परदेशी थेर नव्हते. त्याचा एक मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. 1988 पासून डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दायांनाही मुलांचे श्वास मोजायला शिकवले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे साधे उपकरण केले. श्वास जलद असतील तर न्यूमोनिया समजून कोट्रायमॉक्साझोल द्यायचे. नुसता सर्दी-खोकला असेल तर द्यायचे नाही. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

म्हणजे हा वाद अँटिबायोटिक वाईट की चांगले, असा नाहीच. त्याच औषधाने गडचिरोलीत मुले वाचली. वाद आहे तो निर्णयाचा: कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली दाई जो निर्णय मणी सरकवून करू शकते, तो आपण पदव्या भिंतीवर टांगून करू शकत नाही.

घसादुखीचेही तेच. ताप, टॉन्सिलवर पांढरा थर, मानेत पुढे दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव, या चार खुणा 1981 पासून सेंटर नावाच्या डॉक्टरच्या नावाने ओळखल्या जातात. यातली एखादीच असेल तर जंतूंचा संसर्ग असण्याची शक्यता कमी. खोकल्याबद्दल 2013 चा एक अमेरिकी अभ्यास सांगतो की साधा ब्राँकायटिसचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. लोकांना मात्र वाटते की तो सात ते नऊ दिवसांत जावा. मधल्या नऊ दिवसांच्या अधीरतेवर औषधांचा केवढा बाजार उभा आहे! भारतातल्या 2019 च्या खासगी औषधविक्रीच्या अभ्यासात सर्वाधिक खपाचे अँटिबायोटिक कोणते निघाले? अ‍ॅझिथ्रोमायसिन, 500 मिलिग्रॅम. आपलाच गंडा.

"एका पट्टीने काय होतंय?" दोन वर्षांपूर्वी सांगलीला माझ्या वडिलांना लघवीचा संसर्ग झाला. कल्चरचा रिपोर्ट मोबाइलवर आला. तोंडाने घ्यायच्या प्रत्येक औषधापुढे 'आर'. रेझिस्टंट. आठवडाभर इस्पितळात शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागली. ते बरे झाले. पण मी दोह्यात बसून तो कागद वाचत होते, आणि मला आमच्या घरातला औषधांचा डबा दिसत होता. वडिलांच्या जंतूंचा दोष अमुक एका गोळीवर ठेवता येणार नाही, हे मला कळते. पण तो रिपोर्ट कुणीतरी लिहिलेला असतो, आणि लिहिणारे आपण सगळे असतो. 2019 या एका वर्षात जगभर 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे.

आता नेहमीचे आक्षेप. "आपल्याकडे डॉक्टर देतातच की." देतात, कारण रिकाम्या हाताने परतलेला पेशंट शेजारच्या दवाखान्यात जातो. तो पेशंट मी होते. "मेडिकलमध्ये मिळतं." मिळते, पण भारतातही कायद्याने चिठ्ठी लागते, दुकानदार मागत नाही, आणि त्याने मागितली तर आपणच रागावतो. "वाट पाहायला वेळ कुणाला आहे?" हा आक्षेप मी इंडस्ट्रियल एरियातल्या मजुराकडून ऐकून घेईन, एका दिवसाच्या गैरहजेरीने त्याची मजुरी जाते. पगारी आजारपणाची रजा असलेल्या तुम्ही-आम्ही तो करू नये.

आणि एक बोचरी गोष्ट. घरी कामाला येणारी ताई खोकली की उरलेली अर्धी पट्टी आपण तिच्या हातावर ठेवतो आणि मनात उदार होतो. तिचे श्वास मोजत नाही, तिला डॉक्टरकडे जायला सुट्टी देत नाही. ही करुणा नव्हे, ही विल्हेवाट आहे.

म्हणून तीन मागण्या. पुढच्या सुट्टीहून येताना अँटिबायोटिकची पट्टी आणू नका, दुसऱ्याच्या बॅगेतूनही मागवू नका. डॉक्टरांना "काही स्ट्राँग द्या" म्हणण्याऐवजी विचारा: हे औषधाशिवाय बरे होईल का, किती दिवसांत, आणि कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे? आणि डॉक्टरांनी काही दिले नाही, तर त्यांनी काही केले नाही, असे म्हणू नका. त्या सुदानी बाईंनी मला एक पूर्ण मिनिट दिले होते. त्या मिनिटाची किंमत कळायला मला काही वर्षे आणि वडिलांचा एक रिपोर्ट लागला.

मनगटावरचा दोरा निदान दुसऱ्याला अपाय करत नाही. आपला करतो.

आपली,
अल मुंतझा, दोहा येथील एक वाचक